गाण्याला धनी मिळाला तेव्हा

'ज्याबद्दल गायची मुळीच इच्छा नाही, त्याबद्दलच मला गावं लागतंय.'

एका गाण्याची ही सुरुवात. पुढे गाणारी बाई सांगते: ज्याच्यावर मी जगात सगळ्यांत जास्त जीव लावला, त्याच्याचबद्दल माझ्या मनात कडू साठलंय. माझं रूप, माझी हुशारी, माझं घराणं, त्याच्यापुढे कशाचाच उपयोग झाला नाही. मी दिसायला वाईट असते तर जसं झिडकारलं असतं, तसंच त्याने मला झिडकारलं. शेवटी ती त्या गाण्यालाच निरोप्या करून त्याच्या घरी पाठवते. जा आणि विचार त्याला, एवढा ताठा कशाचा? आणि हेही सांग, की अति ताठ्याने भल्याभल्यांचं नुकसान झालंय.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता. तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत एवढं उमगलं होतं, की ही बाई देवाला आळवत नाहीये, ती एका माणसाशी भांडतेय. नंतर भाषांतर शोधून वाचलं आणि तेच निघालं. ती बाराव्या शतकातली होती. 'कोम्तेसा दे दिया', म्हणजे दिया गावची काउंटेस, एवढीच तिची ओळख शिल्लक आहे. तिची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी गाणी उरली आणि त्यांतल्या या एकाच गाण्याची चाल लिहिलेली सापडते. त्या परंपरेत बाईने रचलेल्या गाण्याची टिकून राहिलेली ही एकमेव चाल.

ती परंपरा ट्रूबादूरांची. आज कुणी गिटार घेऊन, स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गाणं एकटं उभं राहून गायलं, की त्याला 'आधुनिक ट्रूबादूर' म्हणायची पाश्चात्त्य जगात पद्धत आहे. बॉब डिलनला म्हणतात, लेनर्ड कोहेनला म्हणतात, जोनी मिचेलला म्हणतात. लॉस एंजेलिसजवळ वेस्ट हॉलिवूडमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या एका क्लबचं नावच 'ट्रूबादूर' आहे. एल्टन जॉनने अमेरिकेतला आपला पहिला कार्यक्रम ऑगस्ट १९७० मध्ये तिथेच केला. नाव छान आहे, पण त्यात तथ्य किती? माझ्या मते बरंच आहे, फक्त लोक ते ज्या ठिकाणी शोधतात तिथे ते नाही.

लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र असतं ते असं: फाटका, फिरस्ता कलावंत, पाठीवर वाद्य, या गावाहून त्या गावाला. हे चित्र बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या स्वप्नाळू कल्पनांनी रंगवलंय. खरे ट्रूबादूर साधारण इ.स. ११०० ते १३०० या काळातले, आजच्या फ्रान्सच्या दक्षिण भागातले. त्यांची भाषा ओक्सितान. तिथे 'हो' म्हणायला 'ओक' म्हणत, उत्तरेत 'ओईल' म्हणत. त्या 'ओईल'चं पुढे आजच्या फ्रेंचमधलं 'वी' झालं, आणि दक्षिणेतल्या एका प्रांताचं नावच 'लांगदोक', म्हणजे ओकची भाषा, असं पडलं. 'त्रोबार' या ओक्सितान क्रियापदाचा अर्थ सापडणं, शोधून काढणं, रचणं. ट्रूबादूर म्हणजे ज्याला गाणं सापडतं तो.

आणि आपल्याला माहीत असलेला पहिलाच ट्रूबादूर फाटका तर नव्हताच, तो त्या काळातल्या सर्वांत बड्या जमीनदारांपैकी एक होता. आक्वितानचा ड्यूक गिल्येम नववा (१०७१–११२६). फ्रान्सच्या राजाच्या थेट ताब्यात होता त्याहून जास्त मुलूख त्याच्याकडे होता. चर्चने त्याला दोनदा बहिष्कृत केलं. त्याच्या एका गाण्यात तो म्हणतो, की हे गाणं मी निव्वळ शून्यावर करणार आहे: ना माझ्यावर, ना दुसऱ्या कुणावर, ना प्रेमावर, ना तारुण्यावर. आणि वर सांगतो, की हे रचलं तेव्हा मी घोड्यावर बसून झोपलो होतो.

हे गाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच्या आधीही युरोपात गाणी होतीच. चर्चमधली लॅटिन गाणी होती, पण ती देवाची. शेतात, जात्यावर, पाळण्याशी गायलेली गाणी असणारच, पण ती सगळ्यांची, म्हणजे कुणा एकाची नाहीत. वीरांच्या लांबलचक गाथा होत्या, त्या त्या वीरांच्या. रचणाऱ्याचं नाव बहुधा कुठेच नाही. गिल्येमपासून जे दिसू लागतं ते असं: घरीदारी रोज बोलली जाणारी भाषा, त्या भाषेत 'मी' म्हणून बोलणारा एक माणूस, आणि त्या गाण्यावर त्याचं नाव. गाण्याला धनी मिळाला. सांगण्यासारखा विषय नसला तरी चालेल, मी आहे एवढं पुरे, असं म्हणायची हिंमत त्या शून्यावरच्या गाण्यात आहे. आजचा कुठलाही गीतकार-गायक उभा आहे तो याच जमिनीवर.

पुढच्या दोनशे वर्षांतल्या सुमारे साडेचारशे ट्रूबादूरांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. त्यांत सरदार होते, गरीब शिलेदार होते, व्यापारी होते, कातडी कमावणाऱ्याचा मुलगा होता, वीसेक स्त्रिया होत्या. गावोगाव हिंडायचा तो बहुतेक वेळा दुसराच कलावंत, त्याला 'जोगलार' म्हणत. ट्रूबादूर रचायचा, जोगलार ते पाठ करून दरबारोदरबारी न्यायचा. बेर्त्रान दे बोर्न नावाचा एक भांडखोर सरदार-कवी गाण्याच्या शेवटी आपल्या जोगलारला नावाने हाक मारतो: पापिओल, हे घेऊन लवकर जा. काही ट्रूबादूर स्वतः गायचेही, पण रचणारा आणि गाणारा एकच असला पाहिजे असा काही दंडक नव्हता. म्हणजे आजचा गिटारवाला हा ट्रूबादूर आणि जोगलार एकाच अंगरख्यात आहे. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या संगीत व्यवसायातही हीच वाटणी होती. कचेरीत बसून कुणी शब्द लिहायचं, कुणी चाल लावायचं, आणि तिसराच कुणी गायचा. डिलनच्या पिढीने १९६० च्या दशकात ती वाटणी मोडली.

मात्र हा 'मी' वाटतो तितका सरळ नाही, आणि इथेच विषयाची खरी खोली आहे.

बर्नार्त दे व्हेंतादोर्न हा माझा सर्वांत आवडता ट्रूबादूर. त्याचं चंडोल पक्ष्याचं गाणं त्या काळात युरोपभर गाजलं. पहिल्या कडव्यात चित्र असं आहे: चंडोल आनंदाने पंख फडफडवत सूर्यकिरणाकडे झेपावतो, आणि काळजात शिरलेल्या गोडव्याने इतका हरवून जातो की पंख हलवायचेच विसरतो आणि खाली पडू लागतो. बर्नार्त म्हणतो, असा सुखी जीव पाहिला की मला हेवा वाटतो, आणि माझं काळीज तेव्हाच वितळून कसं जात नाही याचं नवल वाटतं. पुढे तो म्हणतो, तिच्या डोळ्यांच्या आरशात पाहिलं आणि झऱ्यात स्वतःला पाहून बुडालेल्या नार्सिससासारखा मी हरवलो. किती आतून आलंय, असं वाटतं ना? आता त्याची बांधणी बघा. आठ ओळींचं एक कडवं, अशी सात कडवी, म्हणजे ५६ ओळी. त्या सगळ्या ५६ ओळींत यमकाचे ध्वनी फक्त चार, आणि प्रत्येक कडव्यात त्याच क्रमाने. मराठीत कुणी असं करून बघावं. तिसऱ्या कडव्यात शब्द संपतात. हुंदका खरा असेल, पण तो मोजूनमापून घडवलेला आहे. ट्रूबादूरांना यात विसंगती वाटत नव्हती. त्यांच्या मते जितकं प्रेम खरं, तितकी कारागिरी चोख.

ऐकणाऱ्यांना मात्र कारागिरीपेक्षा भानगडीत रस. 'ती कोण?' हा प्रश्न आठशे वर्षांपूर्वीही लोक विचारतच होते. तेराव्या शतकात ट्रूबादूरांची छोटी छोटी चरित्रं लिहिली गेली, त्यांना 'व्हिदा' म्हणतात, आणि एकेका गाण्यामागची हकिकत सांगणारे तुकडे, त्यांना 'राझो' म्हणतात, म्हणजे कारण. बर्नार्तची व्हिदा सांगते, की तो व्हेंतादोर्नच्या गढीत भट्टी पेटवणाऱ्या नोकराचा मुलगा होता आणि गढीच्या मालकिणीवरच त्याचं प्रेम जडलं. लिहिणारा ऊक दे सेंत सिर्क असंही सांगतो, की त्या मालकिणीच्या मुलानेच मला हे सांगितलं. भरवसा बसावा असाच पुरावा वाटतो. पण त्याच्या कितीतरी आधी पेइरे दाल्व्हेर्न्ये नावाच्या ट्रूबादूराने डझनभर समकालीनांची टर उडवणारं एक गाणं केलं होतं. त्यात बर्नार्तबद्दल ओळी आहेत, की याचा बाप नोकर, आणि आई भट्टी पेटवायची, काटक्या गोळा करायची. आज अभ्यासकांना वाटतं, की व्हिदेतली ती भट्टी याच थट्टेतून आली असावी. एका गाण्यातला विनोद दुसऱ्या माणसाचं चरित्र होऊन बसला, आणि लोक शतकानुशतकं 'भट्टीवाल्याचा मुलगा' म्हणून हळहळले.

जाउफ्रे रुदेलचंही तेच. त्याची गाणी 'दूरच्या प्रेमा'ची. व्हिदेने त्यावर आख्खी गोष्ट रचली: यात्रेकरूंच्या तोंडून कीर्ती ऐकून तो त्रिपोलीच्या काउंटेसच्या प्रेमात पडला, न पाहताच समुद्रापार निघाला, जहाजात आजारी पडला, आणि तिच्या मिठीत त्याने प्राण सोडला. तो धर्मयुद्धावर गेला होता एवढं धरायला जागा आहे. बाकीचं बहुतेक सगळं गाण्यातूनच उपसलेलं.

ट्रूबादूरही या कुतूहलाला खतपाणी घालत. प्रेयसीचं, मित्राचं, आश्रयदात्याचं खरं नाव न घेता ते टोपणनाव वापरत. त्याला 'सेन्याल' म्हणजे खूण म्हणत. बर्नार्त एकीला 'लोहचुंबक' म्हणतो. बेर्त्रान तर पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या रिचर्डला 'हो-नाही' म्हणतो. जाणकारांना कळायचं, इतरांनी तर्क करत बसायचं. आता कार्ली सायमनचं १९७२ चं 'यू आर सो व्हेन' आठवा. तो गर्विष्ठ पुरुष कोण, यावर लोकांनी चार दशकं डोकं खाजवलं. शेवटी २०१५ मध्ये तिने एवढंच कबूल केलं, की दुसरं कडवं अभिनेता वॉरन बेटीवर आहे. टेलर स्विफ्ट आपल्या सुरुवातीच्या अल्बमांसोबतच्या पुस्तिकांमध्ये मधलीच अक्षरं मोठी छापून निरोप दडवायची, आणि चाहते ती अक्षरं जुळवत बसायचे. स्विफ्टच्या चाहत्यांनी लिहिलेला कुठल्याही गाण्यामागचा खुलासा वाचा. तो राझोच आहे. मी हे कौतुकाने म्हणतोय. गाणं 'मी' म्हणालं, की ऐकणाऱ्याला त्या 'मी'चा पत्ता हवासा वाटतो, हे त्या गाण्याचं यशच आहे.

गाण्याच्या शेवटी दोन-चार ओळींचं एक अर्धं कडवं यायचं, त्याला 'तोर्नादा' म्हणतात. कोम्तेसाचा तो ताठ्याबद्दलचा निरोप तोर्नादातलाच. आपल्याला नाममुद्रेची सवय आहे, 'तुका म्हणे' आलं की अभंग संपतो हे कान ओळखतात. तोर्नादाही तशीच कानाला शेवट सांगते, पण तिथे बहुतेक वेळा रचणाऱ्याचं नाव येण्याऐवजी गाणं कुणाकडे जातंय त्याचा पत्ता येतो.

आता चालींबद्दल, कारण इथे आजच्या मालकीहक्काच्या कल्पनेला धक्का बसतो. प्रेमगीताला, म्हणजे 'कान्सो'ला, स्वतःची नवी चाल लागायची. पण राजकारणावरचं, टीकेचं, भांडणाचं गाणं, म्हणजे 'सिर्व्हेन्तेस', हे बहुधा आधीच गाजलेल्या एखाद्या चालीवर बांधायचे. बेर्त्रानने ११८३ च्या आसपास हेन्री नावाच्या तरुण राजावर झोड उठवणारं गाणं केलं. त्यात तो उघडच सांगतो, की हे मी 'अलमांदाच्या चालीवर' गातोय. ती चाल गिराउत दे बोर्नेल्य या दुसऱ्या ट्रूबादूराच्या गाण्याची. मराठी संगीत नाटकांची जुनी पुस्तकं ज्यांनी चाळली आहेत त्यांना पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं 'चाल:' आठवेल. अगदी तेच हे. कारण व्यवहारी आहे. चाल लोकांच्या तोंडी असेल तर नवे शब्द एका रात्रीत पसरतात, आणि शत्रूला ते थांबवता येत नाहीत.

अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीने १९४० मध्ये 'धिस लँड इज युअर लँड' लिहिलं ते कार्टर फॅमिली या गाणाऱ्या कुटुंबाच्या एका भजनाच्या चालीवरून. डिलनने 'ब्लोइन इन द विंड'ची चाल गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गाण्यातून घेतली, आणि पुढे तसं सांगितलंही. लिलावाच्या ओट्यावर पुन्हा उभं राहणार नाही म्हणणारी ती चाल १९६२ मध्ये नागरी हक्कांच्या प्रश्नांसाठी उभी राहते, यात मला चोरी दिसत नाही. चालीची आठवण शब्दांच्या मदतीला येते.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण थेट ट्रूबादूरांच्या शेजारघरातलं आहे. कातालान ही ओक्सितानची सख्खी बहीण; मध्ययुगात कातालान कवीही ओक्सितानमध्येच गाणी रचत. स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीत कातालानवर दडपण असताना, १९६८ मध्ये ल्युईस ल्याक या तरुण गायकाने 'लेस्ताका' म्हणजे 'खुंट' हे गाणं केलं. आपण सगळे एका खुंटाला बांधलेले आहोत, मी इकडून ओढतो, तू तिकडून ओढ, तो कुजलाय, पडेलच, असं त्यात आहे. सरकारने त्यावर बंदी घातली. दहा वर्षांनी पोलंडमध्ये यात्सेक काच्मार्स्कीने त्याच चालीवर 'मुरी' म्हणजे 'भिंती' हे गाणं लिहिलं. त्याचा शेवट खरं तर सावध करणारा आहे: जमाव पुढे निघून जातो, गायक एकटा उरतो आणि भिंती पुन्हा वाढतात. पण १९८० मध्ये सॉलिडॅरिटी संघटनेचे कामगार रस्त्यावर आले तेव्हा त्यांनी उचललं ते भिंती पाडायला सांगणारं धृवपद. गायकाने जे लिहिलं होतं तेच त्याच्या गाण्याचं झालं. गाण्याला धनी असतो खरा, पण गाणं उंबऱ्याबाहेर पडलं की धन्याचं ऐकत नाही.

मग हा वारसा पोचला कसा? अखंड साखळी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. १२०९ मध्ये पोपच्या आदेशाने दक्षिण फ्रान्समधल्या, चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथार पंथीयांविरुद्ध धर्मयुद्ध सुरू झालं. बेझिये शहरात कत्तल झाली. १२२९ पर्यंत लढाई चालली आणि दक्षिणेवर उत्तरेची पकड बसली. ज्या दरबारांच्या जिवावर ही गाणी जगत होती ते एकामागून एक विझले. त्या युद्धाच्या कट्टर पाठीराख्यांत तुलूझचा बिशप फोल्केत होता, आणि हा फोल्केत तरुणपणी मार्सेयचा व्यापारी आणि नावाजलेला ट्रूबादूर होता. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो. १२९२ मध्ये गिराउत रिकिएर आपल्या गाण्यात लिहितो, की मी फार उशिरा आलो, शेवटच्यांत आलो. आज त्याला शेवटचा ट्रूबादूर म्हणतात.

पण आधीच बरंच काही बाहेर पडलं होतं. कवी आरागॉन, कास्तील, उत्तर इटलीत गेले. दान्तेने ही गाणी वाचली आणि 'पुर्गातोरियो'च्या २६ व्या सर्गात आर्नाउत दान्येल या ट्रूबादूराला चक्क ओक्सितानमध्ये बोलायला लावलं. इटालियन महाकाव्यात मध्येच आठ ओळी परक्या भाषेत. दान्तेकडून पेत्रार्ककडे आणि तिथून सगळ्या युरोपच्या प्रेमकवितेत ती बोली मुरली. ती उंचावर, मी खाली. तिची एक नजर आणि माझी झोप उडालेली. कुठलंही इंग्रजी विरहगीत लावा, हे सामान सापडेल. लिहिणाऱ्याने ट्रूबादूर हे नावही ऐकलेलं नसेल. डिलनचे थेट पूर्वज ब्लूज गायक, आपलाचियन डोंगरातली कथागीतं आणि गथ्री हेच. क्यूबात मात्र शब्दच वारसा घेऊन आला: तिथे गिटारवर स्वतःची गाणी म्हणणाऱ्यांना 'त्रोव्हादोर' आणि त्या परंपरेला 'त्रोव्हा' म्हणतात, आणि सिल्व्हियो रोद्रिगेस, पाब्लो मिलानेस यांच्या पिढीने तिला 'नवी त्रोव्हा' केलं.

ट्रूबादूरांची सुमारे अडीच हजार गाणी शब्दरूपात उरली आहेत, चाली जेमतेम त्यांच्या दहाव्या हिश्श्याच्या. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात त्यांची एक मोठी वही आहे, अभ्यासक तिला 'आर' म्हणतात, आणि तिची पानं घरबसल्या पडद्यावर उलगडता येतात. लेखनिकाने शब्द लिहिले, वर स्वरांसाठी रेघा आखल्या, आणि सूर भरणाऱ्यासाठी जागा सोडली. शेकडो गाण्यांवर तो आलाच नाही. रेघा रिकाम्या आहेत, खाली शब्द ताटकळत उभे आहेत. आज ही गाणी गाणारे कलावंत अशा गाण्याच्या ओळींची अक्षरं मोजतात, तेवढ्याच मापाचं, चाल टिकून राहिलेलं दुसरं गाणं शोधतात, आणि तिच्यावर हे शब्द बसवून गातात. बेर्त्रानने अलमांदाची चाल घेतली होती, तशीच.